एल्फिन्स्टन गावाक गेला

आमच्या वाडीत त्याला सगळे मुको म्हणत. खरं नाव वेगळं होतं. ते मास्तरांनी हजेरीत एकदा लिहिलं आणि चार महिन्यांनी खोडलं. मुको माझ्या काकांचा धाकटा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कणकवलीपासून आत, दोन व्हाळ ओलांडल्यावर आमची वाडी. पावसाळ्यात एसटी अलीकडच्या व्हाळापाशीच थांबायची.

मुको दिवसभर पडवीत सुपाऱ्यांची रांग लावत बसे. एकीला एक लागून, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत. मधली एक जरी कुणी पायाने सरकवली तरी तो खांबावर डोकं आपटून घेई. तोंडाने सतत घुमणं चाले, भुंग्यासारखं, एकाच सुरात. त्याला काही हवं असलं की तो माझं मनगट धरी. हात नाही, बोट नाही, मनगटच. ओढत नेऊन माझा पंजा त्या वस्तूवर ठेवी, जणू मी चुलीजवळची पळी आहे. माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. बहुतेक वेळा तो मला विहिरीवर न्यायचा. मी रहाट फिरवायचा आणि त्याने रहाटाच्या खांबाला कान लावून घुमायचं, हा आमचा खेळ. त्याला खेळ म्हणावं हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटायचं, पाणी मी ओढतेय आणि हा नुसता बसलाय.

काकीने काय केलं नाही? देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, घाडी आणला, शनिवार धरले. काकांनी एकदा उसने पैसे घेऊन त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढून बघितली, दोन्ही ठीक आहेत म्हणाले आणि चिठ्ठीवर ‘मतिमंद’ लिहून दिलं. ती चिठ्ठी काकीने देवाच्या फोटोमागे ठेवली होती. बरीच वर्षं ती तिथेच होती.

माझे बाबा लालबागला गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे जे हजारो चाकरमानी, त्यांतले एक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतले कितीतरी पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. बाबाही आले. दोन वर्षांनी परत गेले ते वॉचमन म्हणून. बारावीनंतर, १९९२ साली, मीही रातराणीने मुंबईला आले आणि चिवडा गल्लीच्या मागच्या चाळीत आत्याकडे राहिले.

मी या धंद्यात मुकोमुळे आले असं लोक गृहीत धरतात. सत्कार-बित्कार झाला तर निवेदक तसं सांगूनही टाकतात, आणि मी गप्प बसते. खरं असं आहे की डॉक्टरकीला मला मार्क कमी पडले. चाळीतल्या एका बाईंनी सांगितलं की नायर हॉस्पिटलात स्पीच थेरपीचा कोर्स आहे, बारावी सायन्सवर मिळतो. आत्याला आणि मला दोघींनाही वाटलं, भाषण करायला शिकवतात. हा अभ्यासक्रम तिथे १९६६ पासून चालू होता, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. पण लालबागेत तेव्हा ऐकणारा प्रत्येक जण मला विचारी, ‘म्हणजे पुढे पुढारी होणार का?’

तिसऱ्या वर्षाला लिओ कॅनर भेटला, पुस्तकात. बाल्टिमोरचा हा डॉक्टर. त्याने १९४३ साली अकरा मुलांची हकीकत लिहिली, आठ मुलगे आणि तीन मुली. वस्तू ठरल्या जागीच हव्यात असा हट्ट. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं. तहान लागली की ‘तुला पाणी हवं का?’ असं म्हणणं, कारण पाणी मिळण्याआधी कानावर तेच पडलेलं असतं. आणि समोरच्याचा हात हा जणू माणसापासून सुटलेली वस्तू आहे, असा वापरणं. त्या ओळीपाशी माझं मनगट गरम झालं. अतिशयोक्ती वाटेल, पण झालं. लायब्ररीचा पंखा फिरत होता आणि मला रहाटाचा आवाज येत होता.

त्या रात्री मी काकीला आंतर्देशीय पत्र लिहिलं. मुको वेडा नाही, याला नाव आहे, आणि यात तुझा काही दोष नाही. शेवटचं मुद्दाम लिहिलं. कारण आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हा सिद्धांत अमेरिकेत कित्येक वर्षं चालला होता आणि आमच्या वाडीतही चालत होता, फक्त वाडीला ब्रुनो बेटलहाइम हे नाव ठाऊक नव्हतं. पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. मग पुढे काय, असं काकीने विचारलं असतं. औषध आहे का? तो बोलेल का? माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. पत्र पुस्तकात राहिलं, पुस्तक आत्याच्या माळ्यावर गेलं. काकी पुढे २००६ साली वारली. पत्र तिला मिळालं नाही ते नाहीच.

पास झाल्यावर मी सगळं केलं. टाळू फाटलेली मुलं, तोतरी मुलं, आवाज बसलेल्या शिक्षिका, अर्धांगाने वाचा गेलेले म्हातारे. स्वमग्न मुलं (हा शब्दही तेव्हा फारसा कुणी वापरत नसे) कुणालाच नको असायची, कारण त्यांच्यात फरक पडलेला दिसायला वर्षं जातात आणि आईबाप तीन महिन्यांत येणं सोडतात. नवख्या पोरीकडे ती ढकलली जायची. नवखी पोरगी मी. ढकलत ढकलत ती माझीच झाली. पुढे लालबागला एका माडीवर खोली घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षं मी तिथेच आहे.

सरकारदरबारी ही मुलं बराच काळ कुठे बसतच नव्हती. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. म्हणून सर्टिफिकेटवर पुन्हा ‘मतिमंद’च. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात त्याचं नाव आलं. पण अपंगत्वाच्या मुख्य कायद्यात यायला २०१६ उजाडलं, तेव्हा सातांचे एकवीस प्रकार झाले. मधल्या वर्षांत मी किती आयांना ‘लिहू दे गं काय लिहितात ते, सवलत तर मिळेल’ असं सांगितलं, त्याची मोजदाद नाही.

या खोलीत चालतं काय, तर बरंचसं थांबणं. आई म्हणते, पोरगं हाक मारली तर बघत नाही, बहिरं असेल. म्हणून आधी कान तपासून घ्यायचे. पण बिस्किटाचा पुडा तिसऱ्या खोलीत फुटला तर ते धावत येतं, हेही तीच सांगते. मग मी साबणाचे फुगे काढते, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा काडी तोंडाजवळ धरून थांबते. दहा मोजते, कधी वीस. आयांना ही वीसपर्यंतची शांतता सहन होत नाही. ‘बोल ना, फुगा बोल, फुगा!’ असं त्या सुरू करतात. त्या शांततेत मुलाने नुसतं बघितलं, माझा हात पुढे ढकलला, ‘फ’ केलं, काहीही केलं तरी मी फुगा सोडते. काही मुलांना असा एक ‘फ’ यायला आठ महिने लागलेत. काहींना शब्द कधीच आले नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं आहेत, हल्ली मोबाइलवर बोलणारी ॲपही आहेत. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो तर फुकट मिळतं. ‘बोलेल का?’ या प्रश्नाला मी आता ‘सांगेल’ असं उत्तर देते. काही बाप त्यावर उठून जातात.

जागा म्हणाल तर या कामाला याहून वाईट मिळाली नसती. उन्हाळ्यात खाली मिरची भाजतात. ज्या मुलांना शर्टाचं लेबल टोचतं, त्यांच्या नाकात लालबागचा अख्खा मसाला जातो. आणि भाद्रपदात ढोल. माझी निम्मी मुलं त्या दहा दिवसांत कानांवर हात ठेवून पलंगाखाली असतात. कोकणातले असतात ते गणपतीला गावी जातात, सुटतात. बाकीच्यांसाठी मी खोली बंद ठेवते आणि बांधकामावर वापरतात तसे कान झाकायचे मफ वाटते. एका मुलाने ते घालून राजाचं मुखदर्शन घेतलं, बापाच्या खांद्यावर बसून, अगदी आनंदात. बाजूचे लोक बघत होते. बघू देत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या मुलाकडे येते. त्याचं नाव लिहीत नाही. २०१७ ला चार वर्षांचा होता. लालबागचीच चाळ, बाप मालवणकडचा, आई साताऱ्याची, घरात बापाची आई. टीव्हीवर हिंदी, बालवाडीत इंग्रजी. बोलायचा, पण फक्त लोकलमधल्या घोषणा. रविवारी सगळे लोअर परळहून गाडी पकडून मामाकडे गोरेगावला जात, तिथून हे शिकलेला. ‘पुढील स्टेशन एल्फिन्स्टन रोड’ हे मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत, त्या बाईच्या सुरासकट.

मी काय केलं ते सांगते. मी त्याच्या आईबापांना सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा. मुलाच्या डोक्यात चार भाषांचा गोंधळ होतोय. छोटी, शुद्ध मराठी वाक्यं बोला, आणि त्या स्टेशनांकडे लक्ष देऊ नका. मला असंच शिकवलं होतं आणि इतकी वर्षं मी तेच सांगत आले होते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं नुकसान होत नाही, हे दाखवणारी संशोधनं तेव्हा छापून आलेली होती. मी वाचली नव्हती, एवढंच. आणि बॅरी प्रिझंट या अमेरिकन थेरपिस्टने तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की ही पोपटपंची बहुधा पोपटपंची नसते, मूल त्यातून काहीतरी सांगत असतं. ते मात्र मी वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

आजी त्या दिवशी दाराशी बसली होती. मला म्हणाली, “तू खंयची गो?” मी म्हटलं, “कणकवलीकडची आहे मी, आजी.” कणकवलीकडची बाई असं बोलत नाही. आजीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती नातवाशी बोलली नाही. तिला मालवणीशिवाय काही येत नव्हतं. दिवसभर मूल तिच्याकडेच असे, आईबाप कामावर. ती त्याला भरवी, धुई, झोपवी, सगळं मुक्याने. मला हे ठाऊक नव्हतं. मी वहीत लिहीत होते, ‘अपेक्षित प्रगती नाही.’

एकदा खोलीत तो फार रडला. मी लाकडी ठोकळे पुढे करत होते आणि तो ‘पुढील स्टेशन एल्फिन्स्टन रोड, पुढील स्टेशन एल्फिन्स्टन रोड’ करत डोकं हलवत होता. दाराशी बसलेली आजी न राहवून बोलली, “बाय, तेका भायर जावचा आसा.” मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, “गाडयेत बसल्यार पयला ताच आयकाक येता. तो बोलता हा, बाय. तुमका आयकाक येणा नाय.”

लोअर परळला गाडीत बसलं की पहिली घोषणा तीच. म्हणजे निघालो. म्हणजे मला इथून जायचंय. कॅनरच्या मुलाचं ‘तुला पाणी हवं का’ आणि हे, यांत तसूभर फरक नव्हता, आणि ते मला शाळेची पायरी न चढलेल्या बाईने सांगितलं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिला म्हटलं की माझा चुकला, तू तेच्याशी बोल. मालवणीतून म्हटलं. कित्येक वर्षांनी त्या खोलीत मी ती भाषा काढली. आजी म्हणाली, “माका वाटला, माझ्या बोलण्याचोच तेका रोग लागलो.”

हे २०१८ च्या मे-जूनमधलं. जुलैत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मुंबईकरांनी त्यावर चार विनोद केले आणि विसरले. या मुलाचं मात्र जग पालथं झालं. रविवारी गाडीत घोषणा झाली, ‘पुढील स्टेशन प्रभादेवी’, आणि त्याने दोन्ही कान दाबून जी किंकाळी फोडली ती दादर येईपर्यंत. पुढल्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी बापाने मामाकडे जाणं रद्द करायचं ठरवलं. आजी म्हणाली, मी नेतंय. गाडीत त्याला मांडीवर घेतलं, आणि घोषणा व्हायच्या आत कानात सांगत राहिली, “एल्फिन्स्टन गावाक गेला. परभादेवी इली. एल्फिन्स्टन गावाक गेला.”

चाळीत वाढलेल्या मुलाला गावाक जाणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. खोलीला कुलूप असतं, माणूस दिसत नाही, पण ते संपलेलं नसतं. तो रडला नाही. आणि बुधवारी माझ्याकडे आल्यावर, बूट काढता काढता, स्वच्छ म्हणाला, “एल्फिन्स्टन गावाक गेला.”

मग सुरूच झालं. वीज गेली, “लाईट गावाक गेला.” फुग्याचा साबण संपला, “फुगा गावाक गेला.” बाप कामावर, “पप्पा गावाक गेला.” मालवणी माणसाने कान धरला असता असं व्याकरण, सगळ्यांना एकच ‘गेला’. मी तक्रार करणार नव्हते. पुढल्या वर्षी शिमग्याला आजी खरंच गावी गेली, घर बघायला म्हणून, आणि तिथेच राहिली. मी त्याला विचारलं, आज कोण आलं नाही? तो दाराकडे बघून म्हणाला, “आजी गावाक गेली.”

गेली. मी ती ‘ली’ वहीत लाल पेनाने लिहिली. वाक्य उचलून परत म्हणणारं मूल प्रत्यय बदलत नाही. हे त्याने स्वतः केलं होतं. त्याच्या आईला मी फोन लावून सांगितलं तर ती म्हणाली, “मॅडम, पण ते शुद्ध नाही ना?” माझंच बी, माझ्याच दारात उगवलेलं.

आता तो मोठा झालाय, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, मराठी-मालवणी-हिंदी मिसळून. शाळा सोपी गेलेली नाही. जाईल असं मी कधी म्हटलंही नव्हतं.

त्या ‘गेली’नंतर मला मुकोचा विचार सोडेना. गावी मी जात होते, गणपतीला, लग्नकार्याला. मुको पडवीत असायचा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत जायचे, पाहुण्यासारखी. मुंबईतल्या परक्या मुलांसाठी बावीस वर्षं जमिनीवर बसले आणि याच्याजवळ एकदाही बसले नव्हते.

कॅनरचा पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावातला. त्याला लहानपणी वर्षभर संस्थेत ठेवलं होतं, मग आईबापांनी परत आणलं. तो त्याच गावात वाढला, घरच्यांच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला. गावाने त्याला सांभाळलं असं त्याच्याबद्दल लिहितात. आमच्या वाडीनेही मुकोला सांभाळलं. कुणी दगड मारला नाही, जेवणावळीत त्याचं पान आधी वाढत. पण आमच्या घरची बँक नव्हती. आणि सांभाळणं म्हणजे आता एकटी वहिनी, मोठ्या भावाची बायको. साठीला आलेली, गुडघे गेलेले. माझ्यामागे कोण, हे ती बोलून दाखवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी चार दिवस राहिले. कणकवलीच्या स्टुडिओतून फोटो काढून, प्लास्टिक चढवून पाच कार्डं करून नेली. चहा, भात, न्हाणीघर, चादर, आणि विहिरीवरचा पंप. रहाट कधीच गेला. मुको आता मनगट धरून वहिनीला पंपाच्या बटणाशी नेतो आणि मोटारीच्या पत्र्याला कान लावून घुमतो. चहाचं कार्ड मी पुढे धरलं. पुतण्याला त्याच्या मागे बसवलं, काही न बोलता त्याचा हात धरून कार्ड माझ्या हातात द्यायला लावायचं, की लगेच कप. पन्नाशी ओलांडलेल्या माणसावर हे करताना पुतण्याला हसू येत होतं. मुकोने तिसऱ्या खेपेला कार्ड घेतलं, नीट निरखलं आणि सुपाऱ्यांच्या रांगेत ठेवलं. पाचही कार्डं अशीच रांगेत गेली. वहिनी म्हणाली, “तेका काय व्हया ता माका ठावक आसा गो. चित्रा कित्याक?” मी म्हटलं, तू नसशील तेव्हा. ती चुलीकडे वळली. मी कार्डं तशीच ठेवून आले.

तीन आठवड्यांनी रात्री नऊच्या सुमाराला तिचा फोन आला. मी खोली बंद करून जिना उतरत होते.

“गो, ता पंपाचा चित्र तेणा माझ्या हातात आणून दिल्यान. मनगट धरूक नाय. आता काय करू?”

“पंप चालू कर.”

“टाकी भरलेली आसा. पानी भायर जातला.”

“जाऊंदे.”

तिने फोन तसाच चालू ठेवला. चपलांचा आवाज आला, कडी निघाली, बटण पडलं. पंप धरला. आणि त्याच्या आवाजात मिसळून दुसरं घुमणं सुरू झालं, भुंग्यासारखं, एकाच सुरात. खाली टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते. मी जिन्यात कानावर हात ठेवून उभी राहिले.